शिक्षकाच्या घरचा जून



जून महिना लागला की आपल्या न्यू जर्सीतल्या देसी पार्ट्यांमध्ये मला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "तुमचं बरंय बुवा! वहिनींना आता तीन महिने सुट्टी, आणि घरबसल्या पगार." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पाणीपुरी खाता खाता बोलायला काहीतरी विषय लागतोच. पण ह्या एवढ्याशा वाक्यात बग फार आहेत. सुट्टी तीन महिन्यांची नसते, ती घरबसल्या जात नाही, आणि पगार तर मुळीच नसतो.

माझी आई शिक्षिका होती आणि बायको शिक्षिका आहे. त्यामुळे शाळेचं वर्ष संपताना शिक्षकाच्या घरात काय चालतं, हे मी दोन देशांत जवळून बघितलं आहे. आपल्यापैकी बऱ्याच घरांत कुणी ना कुणी बी.एड. करून आलेलं असतं आणि इथे शाळेत नोकरी मिळेल का, परवडेल का, ह्या विचारात असतं. त्यांना उपयोग होईल म्हणून आमचा २०२५ चा उन्हाळा जरा सविस्तर लिहितो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी मूळचा कराडचा. सांगलीच्या वालचंद कॉलेजातून २०१० साली बी.ई. झालो. कॉलेजात असताना आय-ट्रिपल-ईच्या पेपरांवर एक पत्ता छापलेला दिसायचा : ४४५ होज लेन, पिस्कॅटवे, न्यू जर्सी. आम्ही पोरं तो "पिस्काटावे" असा वाचायचो. पुढे नशिबाने ह्याच गावात घर घेतलं, आणि आता त्याच होज लेनवरून मुलाला केनेडी लायब्ररीत घेऊन जातो. :-)

बायको कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची एम.एस्सी. (गणित), बी.एड. २०१४ मध्ये लग्न होऊन एच-फोरवर आली. मे २०१५ मध्ये एच-फोरवाल्यांना नोकरीची मुभा देणारा नियम लागू झाला, पण त्यासाठी आधी माझी आय-१४० मंजूर व्हायला हवी होती. तिच्या हातात कार्ड पडेपर्यंत २०१७ उजाडलं, आणि त्याच वर्षी मुलगा झाला. मग सल्ले सुरू झाले. "टेस्टिंगचा तीन महिन्यांचा कोर्स करून टाका वहिनी, शाळेच्या दुप्पट पगार मिळेल." सल्ला चुकीचा नव्हता, आकडा बरोबरच होता. पण तिचं म्हणणं वेगळं होतं. "टेस्टिंगमध्ये बग सापडला की तिकीट काढून दुसऱ्याकडे पाठवायचं. वर्गात सापडलेला बग मी स्वतः दुरुस्त करू शकते."

तिने सबस्टिट्यूट टीचर म्हणून सुरुवात केली. त्यासाठी इथे कॉलेजची ६० क्रेडिट्स पुरतात, आपली भारतातली पदवी असेल तर फक्त तिचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. मग प्रॅक्सिस परीक्षा, सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, संध्याकाळचे क्लासेस. सप्टेंबर २०२१ मध्ये जवळच्या एका गावात मिडल स्कूलला सातवीचं गणित शिकवायला ती रुजू झाली. गावाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

तर, शाळेचं वर्ष. न्यू जर्सीत शाळा वर्षाला १८० दिवस भरावी लागते, सरकारी मदत त्यावर अवलंबून असते. सुरुवात लेबर डेच्या आसपास आणि शेवट जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. हिवाळ्यात बर्फामुळे शाळा जास्त वेळा बंद राहिली तर बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये ते दिवस जूनच्या शेवटाला जोडतात. म्हणून जानेवारीत बर्फ पडला की मुलगा नाचतो आणि त्याची आई कॅलेंडर बघते. आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्यात (२००९) पहिली ते पाचवीला २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस सांगितले आहेत. म्हणजे कागदावर तरी आपल्या पोरांची शाळा इथल्यापेक्षा जास्त भरते.

इथली उन्हाळी सुट्टी पूर्वी पोरं शेतावर कामाला लागायची म्हणून सुरू झाली, असं इथले लोकही सांगतात. ते तितकंसं खरं नाही. शेतीची घाई पेरणीला वसंतात आणि काढणीला शरदात. एकोणिसाव्या शतकात खेड्यातल्या शाळा चक्क उन्हाळ्यात भरायच्या, आणि मोठ्या शहरांत तर जवळजवळ वर्षभर. शहरातला उकाडा, गावाला निघून जाणारी सुखवस्तू कुटुंबं, आणि खेडी-शहरं सगळीकडे एकच वेळापत्रक हवं ही गरज, ह्या सगळ्यातून ही लांबलचक सुट्टी तयार झाली. शिक्षकांना आराम मिळावा हा त्यामागचा मुख्य विचार कधीच नव्हता.

आमच्या लहानपणी कराडला वर्षाचा शेवट एकाच तारखेला बांधलेला असायचा, १ मे. सकाळी महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन आणि मग निकाल. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत १९८४ ला लागली आणि २०१९ ला, ५८ पूर्ण झाल्यावर, निवृत्त झाली. एप्रिलच्या शेवटी आमच्या घरात जेवायच्या पाटांपेक्षा पेपरांचे गठ्ठे जास्त असायचे. निकालपत्रकाच्या बेरजा मी आणि ताई ताडून बघायचो. आडवी बेरीज आणि उभी बेरीज जुळली की आई म्हणायची, "सुटलो बाबा." चेकसमची कल्पना मी इंजिनियरिंगच्या आधी तिथे शिकलो. निकाल लागला तरी शाळा सुटायची नाही. दाखले, जंगम मालमत्तेची नोंद, उरलेल्या तांदळाचा हिशोब, आणि मग पुढच्या पहिलीसाठी घरोघरी जाऊन पटनोंदणी.

शिवाय सरकारी कामं. एप्रिल २००९ आणि एप्रिल २०१४ च्या लोकसभेला इलेक्शन ड्युटी. २०१० च्या उन्हाळ्यात जनगणनेची घरयादी. मी तेव्हा शेवटच्या वर्षाची परीक्षा देत होतो, आणि आई डोक्याला पदर बांधून दुपारच्या उन्हात कुणाचं छप्पर कौलाचं, कुणाचं पत्र्याचं, ते लिहीत फिरत होती. शिक्षणहक्क कायदा नुकताच लागू झाला होता. शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं त्यात आहे खरं, पण जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका ह्यांना त्यातून वगळलंय. म्हणजे कामं नेमकी तीच राहिली! फक्त एक गोष्ट होती. मे महिन्याचा पगार यायचा. त्या काळी कधी उशिरा यायचा, पण यायचा. कुरडया-पापड, पुढच्या वर्षाच्या वह्या, ताईची फी, सगळं त्यातून व्हायचं.

इथे तसं नाही, आणि इथल्या शिक्षकाच्या वर्षाचा खरा शेवट जूनमध्येही नसतो. तो असतो १५ मेला.

हे मला आधी माहीत नव्हतं, बऱ्याच जणांना नसतं, म्हणून नीट सांगतो. न्यू जर्सीत शिक्षकांना टेन्युअर, म्हणजे कायमपणा, मिळतो. १९०९ मध्ये असा कायदा करणारं हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. कायमपणा आला की ठोस कारण आणि रीतसर प्रक्रिया असल्याशिवाय कामावरून काढता येत नाही. पूर्वी त्यासाठी तीन वर्षं लागायची. ऑगस्ट २०१२ च्या 'टीच-एनजे' कायद्याने ती चार केली. आणि नुसती चार वर्षं पुरत नाहीत, पाचव्या वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही कामावर असावं लागतं. शिक्षकांच्या बोलण्यात त्याला "चार वर्षं आणि एक दिवस" म्हणतात. तोवर दरवर्षी १५ मेपर्यंत डिस्ट्रिक्टने लेखी कळवायचं, की पुढच्या वर्षी तुम्हाला ठेवतोय किंवा ठेवत नाही.

आपल्याकडे शिक्षणसेवक म्हणून लागलेल्यांना हे लगेच समजेल. २००० साली ती योजना आली, तीन वर्षं ठरावीक मानधनावर काम करायचं आणि मग कायम. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला कित्येक वर्षं महिना ६,००० रुपये मिळत होते, ते २०२३ मध्ये १६,००० झाले. इथे पगार पहिल्या दिवसापासून पूर्ण असतो, पण टांगती तलवार एक वर्ष जास्त.

म्हणजे मे २०२५ ला बायकोचं चौथं पत्र यायचं होतं. पत्र आलं तर सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी ती कायम. नाही आलं तर चार वर्षं संपली, आणि दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये मीटर पुन्हा शून्यापासून. तिचं काम चांगलं होतं, निरीक्षणाचे शेरे चांगले होते. पण प्रश्न कामाचा नव्हता, बजेटचा होता. कोविडच्या काळात शाळांना केंद्राकडून जो मोठा निधी मिळाला, त्याच्या शेवटच्या हप्त्याची मुदत सप्टेंबर २०२४ ला संपली होती. त्या पैशावर घेतलेली माणसं आता कुठल्या खात्यात दाखवायची, हा हिशोब बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये चालू होता. माझ्या कंपनीतही फेब्रुवारीत ले-ऑफ होऊन गेले होते. मी वाचलो, पण आमच्या टीममधले दोघं गेले. म्हणजे घरात दोन पगार आणि दोन्ही हलणारे.

त्या दिवसांत आमच्याकडे कुठलाच निर्णय होत नव्हता. भारताची तिकिटं एप्रिलपासून बघून ठेवली होती, रोज किंमत बघायची आणि टॅब बंद करायचा. मुलाचा समर कॅम्प बुक करायचा की नाही, ठरत नव्हतं. बायको रात्री अकराला पेपर तपासत बसायची. एकदा मी म्हटलं, "पत्र येईपर्यंत तरी जरा कमी कर." ती म्हणाली, "अरे, पोरांना काय माहीत मला पत्र आलंय की नाही? त्यांची टेस्ट शुक्रवारी आहे."

१३ मेला पत्र आलं. तिला ठेवलं होतं. शेजारच्या वर्गातल्या सायन्सच्या सरांना, त्यांचं तिसरं वर्ष होतं, ठेवलं नव्हतं. पोस्टच रद्द झाली. गंमत म्हणजे (गंमत कसली) त्याच्या आदल्याच आठवड्यात टीचर ॲप्रिसिएशन वीक होऊन गेला होता. मे महिन्याच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात तो देशभर साजरा होतो. त्यांच्या टेबलावर मुलांनी दिलेले मग आणि कार्डं अजून तशीच होती. बायको घरी आली ती आनंदात आहे की रडवेली आहे हे मला कळेना. तिने शिरा केला, आणि खाताना त्या सरांबद्दलच बोलत राहिली. त्यांना १५ मेच्या पत्रानंतरही जूनअखेरपर्यंत रोज वर्गावर उभं राहायचं होतं, आणि ते राहिले.

आता जून. शाळेचं वर्ष संपवणं हे काम किती असतं ह्याची कल्पना बाहेरच्याला येत नाही. आमच्याकडे प्रॉडक्शन रिलीजला जशी चेकलिस्ट असते तशी इथे शिक्षकांना मिळते. ग्रेड पोर्टलमध्ये भरायच्या. पुस्तकं नंबरवार मोजून घ्यायची. क्रोमबुक आणि चार्जर परत घ्यायचे (क्रोमबुक सगळे येतात, चार्जर कधीच सगळे येत नाहीत). भिंतीवरचं सगळं उतरवायचं. उन्हाळ्यात फरशीला वॅक्स करतात, म्हणून खोली रिकामी करून सामान एका बाजूला रचायचं. प्रत्येक ओळीपुढे कुणाची तरी सही, शेवटी चाव्या जमा आणि प्रिन्सिपलची सही. ती सही मिळाल्याशिवाय शिक्षक सुटत नाही.

त्यातलं निम्मं सामान शिक्षकाच्या स्वतःच्या पैशाचं असतं. बायकोच्या वर्गातली पुस्तकांची मांडणी, भूमितीचे लाकडी ठोकळे, पंखा, पेन्सिलींचे खोके, सगळं आमचं. केंद्राच्या टॅक्समध्ये शिक्षकांना ह्या खर्चाची थोडी वजावट मिळते. २००२ मध्ये ती २५० डॉलरपासून सुरू झाली आणि वीस वर्षांनी, २०२२ मध्ये, ३०० झाली. वीस वर्षांत पन्नास डॉलर! आमच्या गॅरेजमध्ये जूनअखेर गाडी बाहेर आणि सातवीचा वर्ग आत असतो.

तिच्या शाळेचा शेवटचा दिवस होता मंगळवार, २४ जून. नेमकी तेव्हाच उष्णतेची लाट आली. नेवार्कला पारा फॅरनहाइटची शंभरी ओलांडून गेला. घामाघूम होऊन आम्ही दोघांनी खोकी गाडीत भरली. मुलाच्या शाळेचं कॅलेंडर वेगळं आणि हिच्या शाळेचं वेगळं, कारण दोन डिस्ट्रिक्ट. त्यामुळे त्याची सुट्टी सुरू झाली तरी आईची नाही, असे चार दिवस येतात. ते मी वर्क फ्रॉम होम करून काढतो. एका कॉलवर मी "सर्व्हर डाऊन आहे" सांगत असताना चिरंजीव मागे "मी बोअर होतोय" सांगत असतात.

आता पैशाचं. बायकोचा पगार दहा महिन्यांचा आहे. सप्टेंबर ते जून, महिन्यात दोनदा, एकूण २० चेक. जुलै-ऑगस्टमध्ये काही नाही. तिच्या डिस्ट्रिक्टमध्ये एक सोय आहे, लेखी कळवलं तर दर चेकमधून दहा टक्के बाजूला ठेवतात आणि उन्हाळ्यात देतात. लोकांना वाटतं हाच तो "सुट्टीचा पगार". हिशोब करून बघा. समजा चेक १०० डॉलरचा. दहा टक्के कापून हातात ९०. वर्षभरात जमा झाले २००. जुलै-ऑगस्टच्या चार तारखांना ते वाटले तर प्रत्येकी ५०. म्हणजे तुमचेच पैसे तुम्हाला परत, आणि तेही अर्ध्या चेकइतके. बेकारी भत्ताही मिळत नाही. पुढच्या वर्षी काम मिळेल अशी वाजवी खात्री असेल तर दोन शैक्षणिक वर्षांच्या मधल्या काळात शिक्षकांना तो द्यायचा नाही, असं केंद्राच्या कायद्यातच आहे. म्हणून कित्येक शिक्षक जुलैत समर स्कूल घेतात, ट्यूशन करतात, कॅम्पवर काम करतात, दुकानात उभे राहतात.

पत्र हातात आलं त्याच रात्री आम्ही तिकिटं काढली. एप्रिलमधल्यापेक्षा बरीच महाग. शिक्षकाच्या घराला दुसरा इलाजच नाही. तुम्ही-आम्ही आयटीवाले फेब्रुवारीत स्वस्तात जाऊन येतो, तिला जुलै सोडून जाता येत नाही. बायको आणि मुलगा जूनअखेर गेले, मी ५ जुलैला निघून दोन आठवड्यांसाठी पोचलो.

इथेच आपल्या लोकांच्या कॅलेंडरचा सगळा घोळ आहे. आपली उन्हाळ्याची सुट्टी सुरू होते तेव्हा महाराष्ट्रातली संपलेली असते. आते-मामे भावंडं युनिफॉर्म घालून शाळेत. हापूस संपलेला. २०२५ ला तर पाऊस मुंबईत २६ मेलाच येऊन बसला होता, नोंदी ठेवायला लागल्यापासून इतका लवकर तो कधी आला नव्हता. मुलाने "समर" म्हणून बॅगेत घेतलेल्या चड्ड्या-टीशर्ट चार-चार दिवस वाळत नव्हते. आईने नातवासाठी आमरस फ्रीजरमध्ये गोठवून ठेवला होता, तेवढाच आमच्या वाट्याचा उन्हाळा.

पण सगळं उलटं असल्यामुळे एक गोष्ट छान झाली. आईच्या जुन्या शाळेत आम्ही चालू वर्गात जाऊ शकलो. दोन शिक्षकांची शाळा, चार इयत्ता. तिथल्या बाई तिसरी-चौथीला एकत्र घेऊन बसल्या होत्या. एका बाजूला पाढे, दुसऱ्या बाजूला शुद्धलेखन, आणि मोबाईलवर कसली तरी माहिती भरायची मुदत दुपारी दोनपर्यंत. बायको मागच्या भिंतीला टेकून तासभर बघत राहिली. मधल्या सुट्टीत दोघींचं जमलं. बाईंनी २०२५ च्या परीक्षांचं सांगितलं. राज्यभर एकच वेळापत्रक काढून परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या, आणि निकाल मात्र १ मेलाच. पाच दिवसांत पेपर तपासून प्रगतीपुस्तकं लिहायची, तीही तसल्या उन्हात. बायको म्हणाली, "आम्हालाही जूनमध्ये अशीच घाई असते, फक्त आम्ही हाताने लिहीत नाही."

मग बाईंनी विचारलं, "तुम्हाला तिकडं दोन महिने सुट्टी म्हणं. पगार देत्यात का?"

"नाही."

"एकसुद्धा महिन्याचा न्हाई?"

"नाही. दहा महिन्यांचाच."

बाईंनी आईकडे बघितलं. "ऐकलं का बाई? आणि आपण म्हणतो अमेरिका!" आई हसली. म्हणाली, "पण तिला जनगणनेला पाठवत न्हाईत की." तिघीही हसल्या. मी आणि चिरंजीव बाहेर व्हरांड्यात. त्याला तिसरीतल्या पोरांनी गोट्यांचा डाव शिकवायला घेतला होता.

१० जुलैला गुरुपौर्णिमा होती. संध्याकाळी पावसात एक गृहस्थ नारळ आणि पेढे घेऊन आले. चाळिशीचे असतील, मलकापूरला त्यांचं मोटारीचं गॅरेज आहे. आईकडे दुसरीला होते. आईला त्यांचं नाव आठवलं, हजेरीपटावरचा नंबरही आठवला, आणि "तुला सात सक बेचाळीस कधी आलं नाही" हेही आठवलं. गृहस्थ म्हणाले, "आता येतंय बाई, जीएसटी भरतो." ते गेल्यावर बायको बराच वेळ गप्प होती. रात्री मला म्हणाली, "आईंना नंबर आठवला रे. मला माझ्या पहिल्या वर्षाची पोरं आठवतात का, बघू दे." आणि अंधारात तिने सप्टेंबर २०२१ चा वर्ग मोजायला घेतला. दोन पिरियड पूर्ण झाले, तिसऱ्यात झोप लागली.

जुलैच्या शेवटी सगळे परत पिस्कॅटवेला. ऑगस्टमध्ये एक आठवडा अभ्यासक्रमाचं काम, दोन दिवस ट्रेनिंग. मुलाला कॅम्पला घातलं नाही. सकाळी लायब्ररीचं समर रीडिंग, दुपारी आईबरोबर गणित (त्याच्या मते हा अन्याय आहे), संध्याकाळी रॅरिटन नदीकाठच्या जॉन्सन पार्कात हरणं आणि बकऱ्या बघायच्या. कॅम्पची फी वाचली, आणि ती आमच्या उन्हाळ्याच्या बजेटमधली सगळ्यात मोठी बचत होती. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात गॅरेजमधला सातवीचा वर्ग गाडीत घालून पुन्हा शाळेत पोचवला. १ सप्टेंबरला लेबर डे होता, २ तारखेला ती कामावर हजर झाली. चार वर्षं आणि एक दिवस. तिने मला एक मेसेज केला : "सही केली." बास. त्या सायन्सच्या सरांना तीस मैलांवर दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये नोकरी मिळाली. चांगली बातमी आहे, पण त्यांची तीन वर्षं तिकडे मोजली जाणार नाहीत, पहिल्यापासून चार.

आता ज्यांच्या घरी कुणी शिक्षक आहे किंवा व्हायचं म्हणतंय, त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातून चार गोष्टी.

एक, सप्टेंबरपासूनच दोन महिन्यांच्या घरखर्चाचं वेगळं खातं ठेवा. डिस्ट्रिक्टच्या दहा टक्क्यांवर सगळं भागत नाही. आम्ही घराचा हप्ता माझ्या पगारातून आणि किराणा-कॅम्प-तिकिटं तिच्या पगारातून असं ठेवलं होतं, ते जुलैत अडचणीचं होतं. आता उलट केलं आहे.

दोन, टेन्युअर नसेल तर मोठे खर्च १५ मेनंतर ठरवा. तिकीट महाग पडेल, पडू दे.

तीन, सर्टिफिकेशनला वेळ लागतो. पदवीचं मूल्यांकन आणि विद्यापीठाकडून कागद मागवणं ह्यातच महिने जातात. भारतात फेरी असेल तेव्हा विद्यापीठात स्वतः जाऊन ट्रान्सक्रिप्टचं काम करून घ्या. मधल्या काळात सबस्टिट्यूट म्हणून वर्गात उभं राहून बघा. आवडतंय की नाही हे महिन्याभरात कळतं.

चार, आणि हे सगळ्यांसाठी. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात टेन्युअर नसलेला कुणी शिक्षक भेटला तर "मग, समरचा काय प्लॅन?" असं विचारू नका. घरी जेवायला बोलवा. पेपर तपासायचे असतात, स्वयंपाकाला वेळ नसतो, आणि मनही लागत नसतं. वरणभात पुरे.